अळणी चातुर्मास

मंदारचा हात पहिल्यांदा थरथरला तो सोमवारी सकाळी, हातात मायक्रोमीटर असताना. चेन्नईजवळच्या इरुंगाट्टुकोट्टैच्या त्या कारखान्यात गाड्यांच्या गिअरबॉक्सचे दांडे बनत, आणि दांडा केसभर जाड झालाय की केसभर बारीक, हे मोजून सांगणं ही मंदार शेवडेची नोकरी. अशा माणसाचा हात थरथरून कसं चालेल? त्याने मायक्रोमीटर हलकेच खाली ठेवला, हात पँटच्या खिशात घातला आणि आजूबाजूला पाहिलं. शेजारच्या टेबलावरून दिनकर बघत होता.

"काल जागरण झालं का रे?" दिनकरने विचारलं. दिनकर सांगलीचा, चार वर्षं त्याच्याबरोबर काम करणारा आणि मनाने चांगला. म्हणूनच त्याने आवाज खाली आणला होता.

"डासांनी झोपू दिलं नाही," मंदार म्हणाला.

हात काय, कुणाचाही थरथरतो. तापाने थरथरतो, भुकेने थरथरतो. पण अकरा महिन्यांपूर्वीपर्यंत मंदारचा हात रोज सकाळी थरथरायचा आणि पहिला घोट पोटात गेला की शहाण्या पोरासारखा गप्प व्हायचा, आणि हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होतं. दिनकरने पुढे काही विचारलं नाही. जेवणाच्या सुट्टीत मात्र तो मंदारच्या अगदी शेजारी येऊन बसला आणि दोनदा त्याच्याकडे वळून दीर्घ श्वास घेतला. मंदारने ते पाहिलं आणि मान खाली घालून डबा खाल्ला.

मंदारला दोन आजार होते आणि त्या दोघांचं एकमेकांशी मोठं सख्य होतं. पहिल्याला डॉक्टर बायपोलर म्हणत. तो आला की काही आठवडे मंदारला झोप लागत नसे, भूक लागत नसे आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटे. अशाच एका लाटेत त्याने कारखान्याच्या मालकांना चाळीस पानी पत्र लिहून सगळ्या मशीनांची नावं बदलायला सुचवलं होतं. मग लाट ओसरे आणि तो भिंतीकडे तोंड करून पडून राही, आणि त्या पडण्यात दुसरा आजार, म्हणजे बाटली, सोबतीला येई. शेवटी नोकरी जायची वेळ आली, दवाखाना झाला, लिथियमची पांढरी गोळी सकाळ-संध्याकाळ सुरू झाली, आणि सैदापेटला एका शाळेच्या वर्गात दर रविवारी भरणाऱ्या, दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला तो जाऊ लागला.

दवाखान्यातून घरी येताना रेवाने एकच अट घातली होती. रेवा म्हणजे त्याची बायको, शोळिंगनल्लूरच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधून शोधून तिचा आवाज मुळातच सपाट झाला होता, आणि त्याच आवाजात ती म्हणाली होती, "पुन्हा एकदा प्यालास तर मी इराला घेऊन पुण्याला जाईन. भांडणार नाही, रडणार नाही. फक्त जाईन." इरा तेव्हा पाच वर्षांची होती. आता ती सहाची होती आणि पेरुंगुडीच्या त्या फ्लॅटमध्ये बाबाच्या खांद्यावर बसून पंख्याला हात लावायचा प्रयत्न करायची. मंदारला तेवढंच सांभाळायचं होतं. बाकी जगात कुणाचं काय होतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं.

आषाढीच्या आदल्या दिवशी कराडहून त्याच्या आईचा फोन आला. रत्नप्रभाबाई फोनवर नेहमी ओरडूनच बोलत, कारण चेन्नई फार लांब आहे.

"मंदार, मी या चातुर्मासात मीठ सोडतेय. तुझ्यासाठी."

"आई, कशाला?"

"कशाला म्हणजे? अकरा महिने झाले, वर्ष पुरं होऊ दे, एवढंच मागणं आहे माझं. आणि तूही सोड. आईने एकटीने सोडून काय होतंय?"

आमच्याकडे चातुर्मासात काही ना काही सोडायचंच असतं. कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगं, कुणी मोठ्या धाडसाने चहा. ज्याचं गाऱ्हाणं मोठं असतं तो मीठ सोडतो. मंदारचा देवावर फारसा विश्वास होता असं नाही, पण दारू सोडल्यापासून त्याला हात रिकामे वाटत होते, आणि आता आणखी काही सोडायला मिळतंय याचं त्याला बरंच वाटलं. निदान आपल्या ताकदीचा काही अंदाज तरी येईल. रेवालाही त्यात वावगं वाटलं नाही. ती डब्यात बिनमिठाची भाकरी, दही-भात आणि केळं देऊ लागली. कँटीनच्या सांबारापासून मंदार चार हात लांब राहिला. भट्टीशेजारच्या लाइनवर त्याला दिवसाचे चार-पाच तास उभं राहावं लागे, आणि आडि या तमिळ महिन्यातल्या त्या दमट उकाड्यात शर्ट दोनदा पिळून निघे. वाळलेल्या शर्टावर पूर्वी पांढरे डाग पडत. आता डागही पडेनासे झाले, आणि त्याचं मंदारला उगीचच कौतुक वाटलं.

मीठ सोडल्याला अठरा-वीस दिवस झाल्यावर तो सोमवार आला. मंगळवारी पोट बिघडलं. बुधवारी सकाळी गोळी घेतल्यावर उलटी झाली. आणि गुरुवारी संध्याकाळी तो कंपनीच्या बसमधून उतरून घरी आला तेव्हा रस्ता त्याच्या पायाखालून किंचित सरकत होता.

दारात रेवा नेहमीसारखी पुढे आली आणि तिने त्याला मिठी मारली. ही रोजची मिठी होती. तिचं नाक त्याच्या गळ्याशी क्षणभर थांबे, मग ती मागे सरके आणि चहा ठेवायला जाई. ती वास घेते हे त्याला माहीत होतं. त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. अकरा महिन्यांत त्याबद्दल दोघांनी अवाक्षर काढलं नव्हतं. त्या दिवशी ती मागे सरकली, तो आत यायला वळला आणि चपलांच्या रॅकला अडखळून धाडकन गुडघ्यावर पडला.

"काही नाही, काही नाही," तो म्हणाला. म्हणजे त्याला तसं म्हणायचं होतं. तोंडातून निघालं ते लापशीसारखं गिळगिळीत काहीतरी होतं.

इरा सोफ्यावरून टाळ्या वाजवत हसली. "आई, बाबा बघ! बाबा जुन्यासारखा बोलतोय!"

त्याने रेवाकडे पाहिलं. रेवाचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि त्यात राग कुठेच नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"रेवा, आईशपथ सांगतो. मी नाही घेतली."

"वास येत नाहीये," ती म्हणाली.

"मग?"

"मागच्या वेळीही येत नव्हता."

खरंच येत नव्हता. मागच्या वेळी तो वास न येणारी दारू प्यायचा, वरून वेलदोडा चघळायचा, आणि इराची शपथ घ्यायचा. आज निदान आईवर भागवलं होतं. आपल्याच जुन्या लबाड्या आपल्याविरुद्ध साक्षीला उभ्या राहतात तेव्हा माणसाने बोलावं तरी काय? रेवाने इराला उचललं, आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं. थोड्या वेळाने कपाटाच्या वरून बॅग ओढल्याचा आवाज आला.

खरी भीती मंदारला शुक्रवारी वाटली. तो कामावर गेला नाही. रेवा इराला शाळेत सोडून तशीच ऑफिसला गेली होती, घरात तो एकटा होता, आणि बेसिनपाशी उलटी करून आरशात पाहताना त्याच्या मनात आलं, की कशावरून मी प्यालो नाही?

हा विचार त्याला झटकता येईना. कारण पूर्वी असं झालं होतं. पूर्वी एक अख्खा मंगळवार त्याच्या आयुष्यातून नाहीसा झाला होता. तो कुठे गेला, काय बोलला, कुणाबरोबर प्याला, काहीही त्याला आठवत नव्हतं, आणि लोक सांगत ते त्याला ऐकून घ्यावं लागलं होतं. मग आत्ताही तसंच असेल तर? हात दारुड्यासारखा थरथरतोय, पाय दारुड्यासारखे पडतायत, जीभ दारुड्यासारखी जड झालीय. कारखान्यात एखाद्या मापावर शंका आली की ते दुसऱ्या, खात्रीच्या मापाशी ताडून बघायची सोय होती. इथे मापही तोच आणि मोजणाराही तोच.

त्याने घर धुंडाळलं. फ्लशच्या टाकीचं झाकण काढलं, इन्व्हर्टरच्या मागे हात घातला, पुस्तकांच्या मागे पाहिलं, खाली जाऊन स्कूटरची डिकी उघडली. सगळ्या जागा त्याच्याच होत्या, त्यामुळे शोधायला वेळ लागला नाही. कुठेही बाटली नव्हती. त्यामुळे जिवात जीव यायला हवा होता, पण आला नाही. आता लपवायची एखादी नवी जागा केली असेल आणि तीही विसरलो असेन, असं त्याला वाटत राहिलं. वर परत येताना जिन्यात तो तीन वेळा बसला.

शनिवारी सकाळी रेवाने त्याच्यासमोर चहा ठेवला. "बुधवारचं तिकीट मिळालंय," ती म्हणाली. "तोवर मी आणि इरा हरिप्रियाकडे राहतोय." हरिप्रिया तिची ऑफिसातली मैत्रीण. इरा दारात पाठीवर दप्तर घेऊन उभी होती आणि यावेळी हसत नव्हती. तिने बाबाला हात हलवून टाटा केला, आणि तोही आधी आईकडे बघून, चालेल ना म्हणून.

त्या दोघी गेल्यावर मंदार तासभर खुर्चीत बसून राहिला. मग उठला, गोळी घेतली, शर्ट घातला आणि बाहेर पडला. आपण कुठे निघालोय हे त्याने स्वतःला सांगितलं नाही. पायांना ठाऊक होतं. कोपऱ्यावरच्या देवळात कर्णा लागला होता आणि बायका प्रसादाच्या, कण्यांच्या आंबिलीसाठी भांडी घेऊन रांगेत उभ्या होत्या. त्याला झुलत येताना बघून त्यांनी पदर सावरून वाट करून दिली. लोक दारुड्याला वाट करून देतात, तशी. मंदारला त्या क्षणी इतकी लाज वाटली आणि इतका संताप आला, की डोळ्यांत पाणी उभं राहिलं. सगळ्यांनी ठरवलंच आहे ना? शिक्षा झालेलीच आहे ना? मग न पिता ती भोगायची कशासाठी?

सरकारी दारूचं दुकान देवळापासून तीन गल्ल्या पलीकडे होतं. लोखंडी जाळीला एक चौकोनी भोक, त्यात एक टक्कल पडलेला माणूस. मंदारने जाळी धरली, कारण धरली नसती तर पडला असता, आणि एका क्वार्टरचं नाव घेतलं. त्याच्या तोंडून काय निघालं देव जाणे. त्या माणसाने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"पोदुम् सार्," तो म्हणाला. पुरे झाली. "वीट्टुक्कु पोंगो." घरी जा.

दारूच्या दुकानदारानेही परत पाठवावं! दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मंदार पोट धरून हसला असता. आत्ता त्याला घाम फुटला. रोज शेकडो दारुडे बघणारा हा माणूस आपल्याला ओळखायला चुकणार नाही. म्हणजे मी प्यालोय. कधीतरी, कुठेतरी, मी नक्की प्यालोय. जाळी सोडून तो मागे फिरला. पुढे आलेल्या पहिल्या रिक्षात त्याने स्वतःला अक्षरशः टाकलं आणि दोनदा नाव उच्चारून सैदापेटला न्यायला सांगितलं.

सैदापेटला अप्पाजी राव राहत. तंजावरकडच्या जुन्या मराठी घरातले, पोस्टात कारकून होते, एकोणीस वर्षांपूर्वी दारू सुटली होती. मीटिंगमधल्या प्रत्येक नव्या माणसाला एक जुना माणूस धरून ठेवायला देतात, तसे मंदारला अप्पाजी मिळाले होते. अर्ध्या वाटेवरून फोन केला तरी चालेल, पण पहिला घोट घ्यायच्या आधी कर, एवढंच त्यांचं सांगणं असे. त्यांचं मराठी ऐकून पहिल्या दिवशी मंदारला गंमत वाटली होती. आता तो आवाज ऐकला की त्याला आधार वाटे.

अप्पाजी घराच्या पुढच्या ओट्यावर, त्यांच्या भाषेत तिण्णैवर, पेपर वाचत बसले होते. रिक्षातून उतरणाऱ्या मंदारला पाहून ते उठले, काखेत हात घालून त्याला ओट्यावर बसवलं आणि शांतपणे विचारलं, "किती घेतलास?"

मंदारला रडू फुटलं. "तुम्हीसुद्धा? अप्पाजी, मी नाही घेतली. निदान... मला वाटतं, नाही घेतली."

"शरी, शरी," अप्पाजी त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले. "मीही हेंच म्हणालों होतों. ह्याच तिण्णैवर बसून, माझ्या अम्माला. रागावत नाहीं मी. अस्की लोक पडतात एकदां, सगळे. आतां निजून घे. उतरूं दे. उद्यां मीटिंगला जाऊं दोघे, नव्यानें पहिला दिवस मोजूं."

त्यांनी उशी आणली. आवाजात इतकी माया होती की मंदारला वाटलं, झालं, निजावं. डोळे आपोआप मिटत होते. अकरा महिने गेले तर गेले. हा माणूस रागावत तरी नाही. त्याने उशीवर डोकं टेकलं.

"निजवूं नका त्याला. आधीं पोटांत कांही जाऊं दे," आतून आवाज आला. अप्पाजींच्या पत्नी, महालक्ष्मी मामी, हातात स्टीलचा पेला घेऊन बाहेर आल्या. तीस वर्षं त्यांनी शाळेत गणित शिकवलं होतं, आणि अजूनही त्या सगळ्यांकडे उत्तर चुकलेल्या मुलाकडे बघावं तशा बघत. "हें मोर पी, कण्णा. ताक. उलटी थांबेल."

मंदारने पेला तोंडाला लावला आणि थांबला. थेंबभर जिभेवर आलं होतं.

"मीठ आहे यात?"

"मीठ नाहीं तर मोर कसला?"

"मग नको, मामी." त्याने पेला दूर केला. हात इतका थरथरत होता की ताक शर्टावर सांडलं. "बाकी सगळं गेलं. हे एवढं तरी पाळू दे."

"काय पाळूं दे?"

"मीठ सोडलंय. चातुर्मासाचं. आईने सांगितलंय."

अप्पाजी त्याच्या अंगावर चादर घालत होते. मामी मात्र हलल्या नाहीत.

"कधींपासून?"

"आषाढीपासून."

"डोक्याच्या डॉक्टराची गोळी घेतोस ना तूं? कुठली? पांढरी? तीन महिन्यांनी रक्त तपासतात, ती?"

मंदारने होकारार्थी मान हलवली. मामींनी पेला खाली ठेवला, ओट्यावर बसल्या, त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि आपलं नाक त्याच्या तोंडाशी नेऊन भरपूर वास घेतला. चोरून नाही, सगळ्या गल्लीदेखत. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"उशी काढा. ऑटो आणा. हा प्यालेला नाहीं."

"अगो, एकोणीस वर्षें मी प्यालेली माणसें पाहतों..."

"म्हणूनच तुम्हांला दुसरें कांही दिसत नाहीं. ऑटो आणा!"

रिक्षात मंदार मधे होता, दोघं दोन बाजूंना. त्याला वाचा नव्हती, पण ऐकू येत होतं. मामी समोर बघत बोलत होत्या आणि बोलणं त्याच्यासाठी होतं, म्हणजे त्याने झोपू नये म्हणून.

"माझा धाकटा भाऊ, विजयेंद्र. हीच गोळी, आठ वर्षें. लग्न झालें, बँकेंत होता, अस्कें बरें. मग कावीळ झाली. वैद्यानें मीठ बंद केलें. कावीळीला आमच्याकडे तसेंच करतात. दहा दिवसांनीं तो असा झाला, तुझ्यासारखा. चालतां येईना, बोलतां येईना. जन्मांत कधीं थेंब घेतला नव्हता त्यानें, तरी लोक म्हणाले प्याला. आम्हींही म्हणालों. मीही म्हणालें. तिण्णैवर निजवला, उतरेल म्हणून. उठ रे! डोळे उघड! माझ्याकडे बघ!"

मंदारने डोळे उघडले.

"तो सकाळीं उठला नाहीं," मामी म्हणाल्या. "मग डॉक्टरानें समजावलें. शरीराला मीठ मिळालें नाहीं तर तें ही गोळी बाहेर सोडत नाहीं. आंत सांठवतें. औषधाचें विष होतें."

मंदारला आता जी भीती वाटली ती निराळीच होती. पाच दिवस तो दारूला भीत होता, रेवाला भीत होता, स्वतःला भीत होता. आज सकाळीही त्याने नेमाने गोळी घेतली होती, कारण शहाणा रोगी औषध चुकवत नाही. त्याला इराचा टाटा आठवला. तो शेवटचा असेल तर? त्याने मामींचा हात घट्ट धरला. दुसऱ्या बाजूला अप्पाजी त्याचा दुसरा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन नुसता चोळत होते.

दवाखान्यात तरुण डॉक्टरने मंदारकडे पाहिलं, 'आल्कोहोल' म्हणून कागदावर लिहायला घेतलं, आणि मामींनी त्याच्या पेनावर बोट ठेवलं. "लिथियम लेव्हल लिहा, डॉक्टर. आधीं तें लिहा. मग तुम्हांला हवें तें लिहा." तीस वर्षं गणित शिकवलेल्या बाईपुढे तो डॉक्टर काय करणार? त्याने लिहिलं. त्यानंतरचं मंदारला आठवत नाही.

पुन्हा नीट शुद्ध आली तेव्हा सोमवार सकाळ होती. हाताला सलाइन लागलं होतं. म्हणजे मीठ-पाणीच की. मीठ तोंडाने घ्यायचं नाही असा नेम होता, ते सुईने थेट आत जात होतं, आणि कराडला रत्नप्रभाबाईंना हे कळल्यावर त्या फोनवर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलल्या होत्या. आपण पोराला काय सांगून बसलो, हे पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. हे सगळं रेवाने सांगितलं. अप्पाजींचा फोन आल्यावर इराला हरिप्रियाकडे ठेवून ती धावत आली होती, आणि आता पलंगाशेजारी स्टुलावर बसली होती, दोन दिवसांच्या चुरगळलेल्या कपड्यांत, आणि तिच्या मांडीवर रिपोर्ट होता.

"लिथियम एकच्या आसपास हवं होतं," ती म्हणाली. "अडीचच्या वर गेलं होतं. आणखी एक गोळी घेतली असतीस तर..." तिने ते वाक्य सोडून दिलं. "फाइलमध्ये कागद होता, मंदार. 'मीठ कमी करू नये.' छापलेला. सातवी ओळ. मी दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधते, आणि डबा मीच भरून दिला." मग तिने रिपोर्टवरच्या दुसऱ्या आकड्यावर बोट ठेवलं. "दारू शून्य. तू खरं बोलत होतास आणि मी बॅग भरत होते."

ती रडत होती. अकरा महिन्यांत रडली नव्हती. मंदारला वाटलं, आता गप्प राहावं. न मागता निर्दोष सुटलोय. शिक्का आहे, सही आहे. आता तोंड उघडायची काही गरज नाही. आणि हे वाटलं त्याच क्षणी त्याला ते ओळखीचं वाटलं. टाकीत बाटली ठेवून झाकण लावताना असंच वाटायचं. तो घाबरला.

"रेवा, शनिवारी मी दुकानात गेलो होतो."

"कसल्या?"

"दारूच्या. क्वार्टर मागितली. त्याला वाटलं मी आधीच टाइट आहे, म्हणून त्याने दिली नाही. दिली असती तर प्यालो असतो."

रेवाने डोळे पुसले. रिपोर्टची घडी घातली. मग उठली, खांद्याला पर्स लावली आणि खोलीबाहेर गेली. बाहेर तिची पावलं जिन्याच्या दिशेने जाताना त्याला ऐकू आली, मग ऐकू येईनाशी झाली. मंदार सलाइनचे थेंब मोजत बसला. हातात आलेलं सगळं आपण आपल्याच जिभेने घालवलं, आणि जीभही अशी, की दोन दिवसांपूर्वी साधी सरळ चालत नव्हती. एकशे चाळीसपर्यंत मोजल्यावर त्याचे आकडे चुकायला लागले.

दार उघडलं. रेवाच्या हातात कांजीचं भांडं होतं आणि एक छोटी स्टीलची डबी.

"मामी खाली बसल्यात, अप्पाजींबरोबर," ती म्हणाली. "अप्पाजी वर यायला तयार नाहीत. तोंड दाखवायची लाज वाटते म्हणतात. त्यांना सांग तूच काहीतरी." ती स्टुलावर बसली. "मी त्यांना विचारून आले. घरच्या माणसांचीही मीटिंग असते म्हणे, त्याच शाळेत, दुसऱ्या वर्गात. बुधवारी."

मंदारला पुढचं विचारायची छाती होत नव्हती. तरी त्याने विचारलं. "गाडीही बुधवारचीच आहे ना?"

"हो. मग दोन्ही कसं जमणार?" ती सपाट आवाजात म्हणाली आणि डबीतून चिमूटभर मीठ काढलं. निम्मं मीठ चादरीवरच सांडलं. "मला भीती वाटते रे, मंदार. रोज वाटते. तू बसमधून उतरायच्या वेळेला तर जास्तच. आजही वाटणार आणि उद्याही."

"मलाही," तो म्हणाला.

तिने कांजी ढवळली, चमचा भरला, आणि मग तो तसाच हवेत धरून थांबली.

"आ कर," ती म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. रेवा पुढे वाकली आणि मिठी न मारता, काही न लपवता, त्याच्या तोंडाशी नाक नेऊन तिने सावकाश वास घेतला. त्याने श्वास सोडला, तिला नीट घेता यावा म्हणून. मग तिने मिठाच्या कांजीचा पहिला चमचा त्याच्या तोंडात घातला.